अमेरिकेतले छोटे म्युनिसिपल विमानतळ आणि त्यांचा लष्करी प्रशिक्षणाचा काळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या शेकडो लहान शहरांच्या विमानतळांवर दुसऱ्या महायुद्धात वैमानिक घडवले गेले. त्याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर मुख्यतः १९३९ ते १९४८ या काळावर आहे. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. म्युनिसिपल विमानतळ नेमका कोणाच्या मालकीचा असतो?

शहराचा. काही ठिकाणी तो काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) असतो, किंवा दोघांनी मिळून नेमलेल्या प्राधिकरणाचा. केंद्राची एफएए ही नियम ठरवणारी आणि अनुदान देणारी संस्था आहे. रोजचा कारभार ती पाहत नाही. १९५८ पूर्वी हे काम सीएए, म्हणजे सिव्हिल एरोनॉटिक्स ॲडमिनिस्ट्रेशन करत असे. जुन्या कागदांत हेच नाव दिसेल.

२. एवढ्या आडगावच्या विमानतळावर सैन्य आले कशाला?

सैन्याकडे शिकवायला ना पुरेशी मैदाने होती, ना पुरेसे शिक्षक. १९३० च्या दशकात लष्कराची हवाई शाखा वर्षाला काहीशे वैमानिक तयार करत होती. युरोपात युद्धाचे ढग जमल्यावर तिला हजारोंनी वैमानिक हवे झाले. तिचे प्रमुख हॅप आर्नल्ड यांनी १९३९ च्या उन्हाळ्यात नऊ खासगी उड्डाणशाळांना प्राथमिक प्रशिक्षणाचे कंत्राट दिले. १९४३ पर्यंत अशा शाळा पन्नासांच्या वर गेल्या, आणि त्यांतल्या कित्येक शहरांच्या विमानतळांवरच सुरू झाल्या.

याला समांतर दोन नागरी योजना होत्या. सिव्हिलियन पायलट ट्रेनिंग प्रोग्रॅम अध्यक्ष रूझवेल्ट यांनी डिसेंबर १९३८ मध्ये जाहीर केला. त्यात महाविद्यालयातले विद्यार्थी जवळच्या विमानतळावर उडायला शिकत. १९४४ पर्यंत त्यातून ४,३५,००० हून अधिक लोकांनी प्रशिक्षण घेतले. दुसरी योजना १९४० ची. तिच्यात संसदेने 'राष्ट्रीय संरक्षणासाठी उतरण्याच्या जागा' विकसित करायला ४ कोटी डॉलर मंजूर केले आणि सुरुवातीचे लक्ष्य २५० विमानतळांचे ठेवले. जमीन शहराने द्यायची आणि सपाटीकरण, निचरा, फरसबंदी केंद्राने करायची, असा तो व्यवहार होता.

जागा निवडताना वर्षातले किती दिवस उडता येते हे आधी पाहिले जाई. टेक्सस, ॲरिझोना, जॉर्जिया, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया ही नावे यादीत वारंवार दिसतात ती त्यामुळे. सपाट जमीन, आसपास मोकळी शेते (इंजिन बंद पडले तर उतरायला), प्रवासी विमानांची तुरळक वर्दळ आणि जवळून जाणारा लोहमार्ग, एवढे असले की गाव लहान असणे हा उलट फायदाच ठरे.

३. "आमच्या विमानतळावर लष्करी तळ होता" असे सगळेच म्हणतात. हे कितपत खरे असते?

'तळ' या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी दडपल्या जातात. आपला विमानतळ त्यांतला कोणता, हे ठरल्याशिवाय पुढचा शोध भरकटतो.

पहिला प्रकार कंत्राटी शाळेचा. शिक्षक नागरी, स्वयंपाकी नागरी, यंत्रज्ञ नागरी. विमाने मात्र सैन्याची, आणि देखरेखीला मूठभर लष्करी अधिकारी. अधूनमधून कॅडेटची परीक्षा घेणारी 'चेक राइड' हे अधिकारी घेत. अशा ठिकाणी छावणी उभी राहत नसे. राहण्याच्या चार-दोन इमारती, भोजनगृह आणि हँगर एवढाच पसारा.

दुसरा खराखुरा आर्मी एअरफील्ड. इथे सगळी यंत्रणा लष्करी, वस्ती हजारोंची, आणि पाणीपुरवठा, रुग्णालय, इंधनटाक्या, गोळीबाराचे मैदान हे सगळे हद्दीत. शहराचा जुना विमानतळ भाड्याने घेऊन आसपासची शेते त्याला जोडली जात.

तिसरा प्रकार सहायक मैदानाचा. मुख्य तळाभोवती अशी मैदाने पेरलेली असत, कारण शेकडो नवशिक्यांनी एकाच धावपट्टीवर उतरण्याचा सराव करणे शक्यच नव्हते. सहायक मैदानावर बऱ्याचदा एकही कायमची इमारत नसे. सकाळी विमाने येत, एक रुग्णवाहिका आणि एक इंधनगाडी उभी राही, आणि संध्याकाळी सगळे परत जाई. आजचे कितीतरी म्युनिसिपल विमानतळ मुळात हेच होते. गावकऱ्यांना आठवणारा 'तळ' तिथून वीस-पंचवीस मैलांवर असतो.

चौथा नौदलाचा. नौदलाची स्वतःची प्रशिक्षणव्यवस्था होती, स्वतःची सहायक केंद्रे आणि बाहेरची मैदाने होती. त्यांची कागदपत्रेही वेगळीकडे आहेत (प्रश्न १६).

४. कॅडेट इथे नेमके काय शिकत? पूर्ण वैमानिक होऊनच बाहेर पडत का?

सहसा नाही. लष्करी उड्डाणशिक्षण तीन टप्प्यांत होते आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या मैदानावर होई. युद्धाच्या बहुतेक काळात एका टप्प्याला नऊ ते दहा आठवडे लागत.

प्राथमिक टप्प्यात सुमारे ६० ते ६५ तास उड्डाण होई. विमान म्हणजे २२० अश्वशक्तीचे दुपंखी स्टीअरमन पीटी-१७, नाहीतर फेअरचाइल्ड पीटी-१९ किंवा रायन पीटी-२२. दोन्ही बैठका उघड्या. शिक्षक 'गॉसपोर्ट' नावाच्या रबरी नळीतून विद्यार्थ्याच्या कानात बोले. नळी एकतर्फी होती, विद्यार्थ्याला उलट काही बोलता येत नसे. साधारण आठ ते बारा तासांत पहिले एकट्याचे उड्डाण झाले नाही, तर कॅडेट घरी किंवा दुसऱ्या कामावर जाई.

मूलभूत टप्प्यात ४५० अश्वशक्तीचे व्हल्टी बीटी-१३ मिळे. त्यात रेडिओ, फ्लॅप आणि कोन बदलता येणारा पंखा होता, पण चाके आत ओढली जात नसत. रात्रीचे आणि केवळ उपकरणांवर विसंबून करायचे उड्डाण इथे सुरू होई. उपकरणांचा सराव आधी जमिनीवरच्या लिंक ट्रेनरमध्ये, म्हणजे उड्डाणाचा आभास देणाऱ्या यंत्रात होई. प्रगत टप्प्यात एक इंजिनवाल्यांना ६०० अश्वशक्तीचे एटी-६ टेक्सन मिळे; बॉम्बफेकी आणि मालवाहू विमानांकडे जाणाऱ्यांना एटी-९, एटी-१० किंवा एटी-१७ अशी दोन इंजिनांची विमाने. पंखांचा बिल्ला या तिसऱ्या टप्प्याच्या शेवटीच लागे.

गळतीही मोठी होती. सगळे टप्पे मिळून दर पाचांतले जवळपास दोन जण शेवटपर्यंत पोचत नसत. त्यामुळे 'आमच्या विमानतळावरून इतके वैमानिक बाहेर पडले' असा आकडा दिसला, की तो आलेल्यांचा की उत्तीर्ण झालेल्यांचा, आणि कोणत्या टप्प्याचा, हे आधी तपासावे.

५. जुन्या छायाचित्रांत तीन धावपट्ट्या त्रिकोणात दिसतात. आज एकच का?

त्या काळची प्रशिक्षण विमाने शेपटीला चाक असलेली होती. बाजूने वारा लागला, की अशी विमाने जमिनीवर गर्रकन फिरतात. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. स्टीअरमनची पुढची दोन चाके एकमेकांच्या जवळ असल्यामुळे त्याची खोड जास्तच. तीन धावपट्ट्या एकमेकींशी ६० अंशांत ठेवल्या, की उतरायला सहा दिशा मिळतात आणि वारा कुठूनही आला तरी जवळच्या दिशेपासून ३० अंशांहून अधिक तिरपा राहत नाही. म्हणजे आडव्या वाऱ्याचा जोर फार तर निम्मा लागतो. प्राथमिक शाळांच्या गवताळ मैदानांवर तर धावपट्टीच नसे. वाऱ्याची दिशा पाहून हवे तिकडून उतरायचे.

पुढे नाकाखाली चाक असलेली विमाने आली आणि ही गरज कमी झाली. एफएएच्या निकषात एकाच धावपट्टीवर ९५ टक्के वेळ वारा मर्यादेत राहत असेल, तर दुसरीचा खर्च अनुदानात बसवणे अवघड जाते. तीन पट्ट्यांची डागडुजी छोट्या शहराला झेपत नाही. मग उरलेल्या दोन कुठे टॅक्सीमार्ग (धावपट्टीपर्यंत विमान चालवत नेण्याचा रस्ता) झाल्या, कुठे विमाने उभी करायची जागा, कुठे मोटारशर्यतीचा रस्ता. बंद पट्टीवर मोठी पिवळी फुली मारलेली असते.

६. जुन्या नकाशातले धावपट्टीचे आकडे आजच्यापेक्षा वेगळे आहेत. धावपट्टी हलवली का?

बहुधा नाही. धावपट्टीचा आकडा म्हणजे चुंबकीय दिशा दहाने भागून, जवळच्या पूर्णांकात मांडलेली. चुंबकीय उत्तर सरकत राहते, त्यामुळे काही दशकांत १७-३५ ची १८-३६ होऊ शकते आणि काँक्रीट मात्र जागचे हललेले नसते. आकड्यांत दोन किंवा अधिकचा फरक असेल, तर मात्र नवी धावपट्टी बांधल्याचा संशय घ्यावा आणि हवाई छायाचित्रांशी ताडून पाहावे.

७. पहिल्या महायुद्धापासूनचे विमानतळही आहेत का?

मोजके. जॉर्जियातल्या अमेरिकस गावाजवळचे साऊदर फील्ड हे ठळक उदाहरण. १९२३ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग यांनी सैन्याने विकायला काढलेले 'जेनी' विमान इथेच विकत घेतले आणि एकट्याने पहिले उड्डाणही इथेच केले. दुसऱ्या महायुद्धात तिथे पुन्हा प्राथमिक शाळा चालली. आज तो जिमी कार्टर रीजनल विमानतळ आहे.

८. अमेरिकेतल्या गावात ब्रिटिश कॅडेटांच्या कबरी कशा?

१९४१ मध्ये ब्रिटनच्या आकाशात लढाई चालू होती आणि हवामानाचाही भरवसा नव्हता. मित्रदेशांना युद्धसाहित्य पुरवण्यासाठी अमेरिकेने केलेल्या मार्च १९४१ च्या लेंड-लीज कायद्यानंतर रॉयल एअर फोर्सच्या कॅडेटांना अमेरिकेत शिकवण्याची सोय झाली. अमेरिका अजून तटस्थ असल्यामुळे पहिल्या तुकड्यांना छावणीबाहेर गणवेशाऐवजी करड्या रंगाचे नागरी सूट घालावे लागत.

दोन योजना होत्या, आणि त्यांची गल्लत नेहमी होते. आर्नल्ड योजनेत ब्रिटिश कॅडेट अमेरिकी सैन्याच्याच तीन टप्प्यांतून, वेगवेगळ्या मैदानांवर शिकले. त्यात सुमारे ७,९०० जण दाखल झाले आणि सुमारे ४,५०० उत्तीर्ण झाले. दुसरी योजना ब्रिटिश फ्लाइंग ट्रेनिंग स्कूलची. तिथे अभ्यासक्रम ब्रिटिश होता आणि पहिल्या धड्यापासून पंखांपर्यंत सगळे एकाच मैदानावर होई. म्हणजे प्रश्न ४ मधल्या तीन ठिकाणांच्या पद्धतीला हा अपवाद. यांतली पहिली शाळा टेक्ससमधल्या टेरेल गावच्या विमानतळावर १९४१ ते १९४५ चालली आणि तिथे दोन हजारांहून अधिक कॅडेट शिकले. प्रशिक्षणकाळात मरण पावलेल्या वीस ब्रिटिश कॅडेटांच्या कबरी टेरेलच्याच दफनभूमीत आहेत. ॲरिझोनात मेसा, ओक्लाहोमात मायामी आणि पोंका सिटी, फ्लोरिडात क्लूइस्टन इथेही अशा शाळा होत्या.

९. महिला वैमानिक कुठे शिकल्या?

टेक्ससमधल्या स्वीटवॉटर गावच्या ॲव्हेंजर फील्डवर. हा आधी शहराचाच विमानतळ होता. फेब्रुवारी १९४३ पासून तिथे महिलांचे वर्ग सुरू झाले. त्याआधी ते ह्यूस्टनला भरत. वास्प, म्हणजे विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स, या दलासाठी सुमारे २५,००० जणींनी अर्ज केले, १,८३० जणींना प्रवेश मिळाला आणि १,०७४ जणी उत्तीर्ण झाल्या. सेवेत आणि प्रशिक्षणात मिळून ३८ जणींचा मृत्यू झाला. दल २० डिसेंबर १९४४ रोजी बरखास्त झाले. या महिला कागदोपत्री नागरी कर्मचारी होत्या, माजी सैनिकाचा दर्जा त्यांना १९७७ मध्ये मिळाला. लष्करी सेवानोंदींत त्यांचे नाव सापडत नाही, त्याचे कारण हे.

१०. टस्किगीचे मैदानही म्युनिसिपल विमानतळ आहे का?

आहे, पण एक बारकावा लक्षात ठेवावा. अलाबामातल्या टस्किगीत दोन मैदाने होती. कृष्णवर्णीय कॅडेटांचे प्राथमिक शिक्षण मोटन फील्डवर होई. ते टस्किगी इन्स्टिट्यूटच्या मालकीचे होते आणि ज्युलियस रोझेनवाल्ड फंडाच्या कर्जातून बांधले गेले. मुख्य उड्डाणशिक्षक होते चार्ल्स 'चीफ' अँडरसन. पुढचे दोन टप्पे काही मैलांवरच्या टस्किगी आर्मी एअरफील्डवर होत. पहिली तुकडी जुलै १९४१ मध्ये तेरा जणांनी सुरू झाली आणि ७ मार्च १९४२ रोजी पाच जणांना पंख मिळाले. आजचा मोटन फील्ड म्युनिसिपल विमानतळ हा यांतला पहिला. तिथले राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ १९९८ मध्ये घोषित झाले. आर्मी एअरफील्ड युद्धानंतर बंद झाले. पर्यटक 'टस्किगी विमानतळ' म्हणून दोन्हींची छायाचित्रे एकत्र करतात आणि पुढे तीच चूक लेखांत उतरते.

११. प्रशिक्षणात इतके अपघात खरेच होत असत?

होत. डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ या काळात आर्मी एअर फोर्सेसचे मुख्य भूमीवरच ५२,६५१ विमान अपघात नोंदले गेले आणि त्यांत १४,९०३ जण मरण पावले. यात प्रशिक्षणाबरोबर इतर देशांतर्गत उड्डाणेही आहेत. प्राथमिक शाळांमधले बहुतेक अपघात ग्राउंड लूप, टेकलेला पंख, तुटलेली चाके अशा स्वरूपाचे असत. विमाने संथ होती, माणसे बहुधा वाचत. जीवघेणे अपघात रात्रीच्या उड्डाणात, एकमेकांच्या अगदी जवळून रांगेत उडताना आणि परवानगी नसताना जमिनीलगत कसरती करताना अधिक होत.

१२. युद्ध संपल्यावर शहराला विमानतळ फुकट मिळाला का?

पैसे सहसा द्यावे लागले नाहीत, पण त्याला फुकट म्हणता येणार नाही. क्रम असा होता.

१९४४ च्या सरप्लस प्रॉपर्टी कायद्याने सैन्याला नको असलेली मालमत्ता विकण्याची वाट मोकळी झाली. १९४६ पासून हे काम वॉर ॲसेट्स ॲडमिनिस्ट्रेशनकडे होते. सुरुवातीला शहरांना अनेकदा तात्पुरता परवाना देऊन विमानतळ चालवायला दिला जाई. ३० जुलै १९४७ च्या दुरुस्तीने सार्वजनिक संस्थांना विमानतळ मोबदल्याशिवाय देण्याची स्पष्ट तरतूद झाली. तेव्हा झालेला दस्त बहुधा 'क्विटक्लेम डीड' असतो, म्हणजे हक्कसोडपत्र: केंद्र आपला असेल तो हक्क सोडते, मालकी निर्वेध असल्याची हमी देत नाही.

किंमत अटींत होती. जागा सार्वजनिक विमानतळ म्हणूनच वापरायची. एखाद्याच व्यावसायिकाला मक्ता द्यायचा नाही. धावपट्ट्या सुस्थितीत ठेवायच्या. राष्ट्रीय आणीबाणीत केंद्राला पूर्ण ताबा घेता येईल. अट मोडली तर केंद्राच्या मर्जीने मालमत्ता परत जाईल. या अटी जमिनीला चिकटतात, विकत घेणाऱ्यामागेही जातात, आणि त्यांना मुदत नसते. हँगर, बराकी आणि आजूबाजूची शेते 'उत्पन्नासाठी' म्हणून दिलेली असतील, तर त्यांचे भाडे विमानतळावरच खर्च करावे लागते. पोहण्याच्या तलावासाठी किंवा शहराच्या रस्त्यांसाठी ते वळवले, की कधीतरी लेखापरीक्षणात निघतेच.

१३. मग शहराला तो बंद करता येतो का? किंवा थोडी जमीन विकता येते?

थोडी जमीन सोडवून घेणे शक्य असते. शहराने एफएएकडे अर्ज करायचा, ती जमीन विमानतळाला का लागत नाही हे आराखड्यासह दाखवायचे, बाजारभावाचे मूल्यांकन जोडायचे. एफएए जाहीर सूचना देऊन ३० दिवस हरकती मागवते. परवानगी मिळाली तरी विक्रीचे पैसे विमानतळातच घालावे लागतात. अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: विक्रीचा भूखंड मूळ दस्तातल्या कोणत्या तुकड्यातला आहे, याचा नकाशाच जुळत नाही. मोजणी आधी करून घ्यावी.

पूर्ण बंद करणे फार कठीण. इथे अनुदानाच्या अटी आणि १९४७ च्या दस्ताच्या अटी वेगळ्या आहेत हे विसरू नये. विकासकामांच्या अनुदानाची बांधिलकी साधारण २० वर्षांत संपते (अनुदानातून घेतलेल्या जमिनीची संपत नाही). दस्ताची कायम राहते. 'शेवटचे अनुदान घेऊन वीस वर्षे झाली, आता आम्ही मोकळे' हा नगरपरिषदांचा लाडका गैरसमज आहे.

१४. जमीन युद्धाआधीपासून शहराचीच होती. तरीही अटी लागू होतात?

यावर सरधोपट उत्तर नाही. दस्त वाचावाच लागतो. शहराने युद्धात जमीन नुसती भाड्याने दिली असेल, तर युद्धानंतर भाडेकरार संपवताना केंद्राने वर बांधलेल्या धावपट्ट्या, इमारती 'इन्स्ट्रुमेंट ऑफ ट्रान्सफर' नावाच्या कागदाने शहराला दिल्या. त्या कागदात प्रश्न १२ सारख्या अटी असू शकतात. जमीन शहराची, तिच्यावरचे बांधकाम अटींसह आलेले, अशा स्थितीत अटी जमिनीलाही लागतात का, हाच वाद कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून पेटला. तो प्रशिक्षणतळ नव्हता, तिथे डग्लस कंपनीचा कारखाना होता. पण कायद्याचा मुद्दा तोच. १९४८ च्या कागदावरून शहर आणि एफएए अनेक वर्षे न्यायालयात होते. जानेवारी २०१७ मध्ये तडजोड झाली: धावपट्टी ४,९७३ फुटांवरून ३,५०० फुटांवर आणायची आणि ३१ डिसेंबर २०२८ नंतर शहराला विमानतळ बंद करता येईल. ही तडजोड त्या एका प्रकरणापुरती आहे; तिच्या आधारे दुसऱ्या शहराने काही गृहीत धरू नये.

प्रश्न २ मधल्या १९४० च्या योजनेतले विमानतळ आणखी वेगळे. तिथे केंद्राने शहराच्या जमिनीवर काम केले आणि बदल्यात 'एपी-४' नावाचा करार करून घेतला. मालमत्तेचे हस्तांतर त्यात नव्हतेच.

१५. आमच्या विमानतळाच्या दस्तात युरेनियमचा उल्लेख आहे. खाली खाण आहे का?

नाही. डिसेंबर १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या आदेश क्रमांक ९९०८ ने केंद्राच्या जमिनी देताना अणुइंधनाला उपयोगी खनिजे राखून ठेवणे बंधनकारक केले. त्यामुळे कापसाच्या शेतातल्या विमानतळाच्या दस्तातही युरेनियम आणि थोरियम येतात. याचा एक उपयोग मात्र आहे: दस्तावरची तारीख पुसट असेल आणि हे कलम असेल, तर तो त्या आदेशानंतरचा असण्याची शक्यता दाट.

१६. जुनी कागदपत्रे कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधावीत?

सुरुवात काउंटीच्या दस्तनोंदणी कार्यालयातून करावी. शहराच्या नावे 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका' कडून आलेला १९४६ ते १९५० मधला दस्त शोधायचा. त्यातून नेमके क्षेत्र, युद्धकाळातले अधिकृत नाव आणि अटी एकदम हाती लागतात. नाव मिळाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नये. केवळ गावाच्या नावाने शोधले की शेजारच्या तळाच्या फायली येतात.

दुसरी पायरी अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरची एअर फोर्स हिस्टॉरिकल रिसर्च एजन्सी. तळांचे मासिक-त्रैमासिक इतिहास आणि विमान अपघातांचे अहवाल तिथे मायक्रोफिल्मवर आहेत. सहायक मैदानाचा स्वतंत्र इतिहास सहसा सापडत नाही. तो मुख्य तळाच्या फायलीत दोन-चार ओळींत असतो.

तिसरी पायरी नॅशनल आर्काइव्हज. तिथे विषयावरून नाही, संस्थेवरून मागणी करावी लागते: आर्मी एअर फोर्सेस म्हणजे अभिलेखगट १८, बांधकाम करणारे कोअर ऑफ इंजिनिअर्स ७७, सीएए आणि एफएए २३७, वॉर ॲसेट्स २७०. नौदलाचे मैदान असेल तर हे गट उपयोगाचे नाहीत, नौदलाचे वेगळे आहेत. शेतकी खात्याची १९३० आणि १९४० च्या दशकांतली हवाई छायाचित्रे गट १४५ मध्ये मिळतात. युद्धाआधीचे एक आणि नंतरचे एक छायाचित्र शेजारी ठेवले, की सैन्याने काय बांधले हे वादाविना कळते.

स्थानिक वर्तमानपत्रे शेवटी पाहावीत. युद्धकाळात बातम्यांवर बंधने होती. तळाचा आकार, विमानांची संख्या त्यांत मिळणार नाही. लग्ने, नृत्याचे कार्यक्रम आणि अपघात मात्र भरपूर.

१७. आजोबा १९४३ मध्ये इथे शिकले. त्यांची नोंद कशी मिळेल?

आधी त्यांचा वर्ग शोधा. '४३-सी' यातला आकडा उत्तीर्ण होण्याच्या वर्षाचा आणि अक्षर त्या वर्षातल्या क्रमाचे. म्हणजे ४३-ए चा कॅडेट प्रत्यक्षात १९४२ मध्येच प्राथमिक शाळेत होता. तारीख जुळत नाही म्हणून अनेक जण बरोबर मैदान सोडून देतात. सेवानोंदी सेंट लुईसच्या केंद्रात आहेत, पण १२ जुलै १९७३ च्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान निवृत्त झालेल्यांच्या लष्करी फायलींपैकी सुमारे ८० टक्के जळाल्या. आर्मी एअर फोर्सेसचे लोक लष्करातच मोडत असल्यामुळे १९४५-४६ मध्ये घरी गेलेले यात सापडतात. अशा वेळी वर्गाची वार्षिक पुस्तिका, घरातले उड्डाणांचे लॉगबुक आणि तुकड्यांचे रोजचे 'मॉर्निंग रिपोर्ट' हे पर्याय उरतात.

१८. जमिनीखाली काही धोकादायक उरले असेल का?

ते प्रश्न ३ मधल्या प्रकारावर अवलंबून आहे. कंत्राटी शाळेत दारूगोळा नसे. तिथे शोधायच्या त्या जुन्या पेट्रोलटाक्या. मोठ्या एअरफील्डवर 'ॲक्वा सिस्टीम' नावाची इंधनव्यवस्था असे: टाकी कायम भरलेली, खाली पाणी आणि वर तरंगते पेट्रोल, पाण्याच्या दाबाने पेट्रोल वर ढकलायचे. तिच्या नळ्यांचे जाळे आजही खोदकामात अचानक लागते. नेमबाजी शिकवताना उडत्या मातीच्या तबकड्यांवर शॉटगन चालवत. त्या जागी शिशाचे छर्रे आणि तबकड्यांतले डांबरी रसायन सापडते. बॉम्बफेकीच्या सरावाची मैदाने सहसा विमानतळापासून दूर असत. १९४५ मध्ये कायमचे बंद झालेल्या तळावर अग्निशमन फेसातली पीएफएएस रसायने सैन्यामुळे आली असण्याचा संभव नाही, कारण तो फेस त्यानंतर दोन दशकांनी आला.

१७ ऑक्टोबर १९८६ पूर्वी संरक्षण खात्याच्या ताब्यातून गेलेल्या जागांच्या सफाईचे काम कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे आहे. नंतरच्या मालकाने केलेले प्रदूषण त्यात बसत नाही. एकच टाकी युद्धानंतर शहरानेही वापरली असेल, तर खर्च कोणी करायचा यावर वाद ठरलेला.

१९. कोरियन युद्धात सैन्य परत आले होते का?

काही ठिकाणी. १९५१ च्या सुमारास हवाई दलाने कंत्राटी शाळांची जुनी पद्धत पुन्हा सुरू केली: मिसूरीत मॉल्डन, फ्लोरिडात बार्टो, टेक्ससमध्ये हाँडो अशा गावांत. १९६० च्या आसपास त्या बंद झाल्या. अशा विमानतळाचे लष्करी कागद दोन संचांत असतात आणि दुसऱ्या संचात मालक शहर, भाडेकरू हवाई दल असा उलटा संबंध दिसू शकतो.

२०. हा जुना हँगर युद्धकाळातलाच आहे, हे कसे ठरवायचे?

जागेवरून ठरवू नये. युद्धानंतर लाकडी बराकी आणि हँगर लिलावात विकले गेले. शाळा, चर्च, शेतकऱ्यांनी ते उचलून नेले आणि काही दुसऱ्या तळावरून इथे आले. १९४० च्या दशकातल्या हवाई छायाचित्रात त्याच जागी, त्याच आकाराचे छप्पर दिसते का, हे पाहणे सर्वांत खात्रीचे. पत्रा आणि दरवाजे बदललेले असतात, म्हणून आतल्या लाकडी कैच्या आणि तळाचे काँक्रीट पाहावे.

२१. फलकावर '१९४३: यूएस एअर फोर्स बेस' लिहिले आहे. चूक आहे का?

आहे. स्वतंत्र यूएस एअर फोर्स १८ सप्टेंबर १९४७ रोजी अस्तित्वात आली. २० जून १९४१ पासून तोवर आर्मी एअर फोर्सेस, त्याआधी १९२६ पासून आर्मी एअर कोअर. 'एअर कोअर' हे नाव १९४१ नंतरही लोकांच्या तोंडी राहिले, त्यामुळे जुन्या पत्रांत ते दिसले तर बिचकू नये.

२२. युद्धकाळातले मैदान आणि आजचा विमानतळ एकच असतो ना?

गृहीत धरू नका. ॲरिझोनात थंडरबर्ड नावाची दोन मैदाने होती. ग्लेंडेलमधल्या पहिल्यावर युद्धानंतर व्यवसायशिक्षणाची शाळा उभी राहिली. दुसरे, जिथे जून १९४२ मध्ये प्रशिक्षण सुरू झाले, तो आज स्कॉट्सडेलचा विमानतळ. तोही थेट शहराकडे आला नाही. मध्ये शिक्षणसंस्थांच्या हाती होता आणि शहराने तो १९६० च्या दशकात घेतला. अशा वेळी दस्तांची साखळी एकेक दुवा करत मागे न्यावी लागते. मधल्या एखाद्या खासगी मालकाच्या दस्तात लष्करी नावाचा उल्लेखच नसेल, तर नाव सोडून भूखंडाचे वर्णन, म्हणजे टाउनशिप, रेंज आणि सेक्शनचे आकडे, धरून शोधावे.